वडाप आणि विश्वविक्रम

सोलापूर जिल्ह्यातली किती माणसं आयुष्यात एकदा तरी मर्सिडीजच्या इंजिनावर फिरली असतील? माझ्या अंदाजाने निम्मा जिल्हा तरी. मंगळवारी तुळजापूरला, गुरुवारी अक्कलकोटला वडापच्या ट्रॅक्समधून दाटीवाटीने गेलेले सगळे यात धरलेत. हसू नका, हिशेब सांगतो.

माझ्या मामानं २००३ साली ट्रॅक्स घेतली आणि सोलापूर–अक्कलकोट लाईनला लावली. त्या लाईनचे सगळे ड्रायव्हर छाती फुगवून एकच वाक्य सांगायचे, "गाडीला मर्सिडीजचं इंजिन आहे." हे अक्षरशः खरं आहे. बजाज टेंपो ही पुण्याची कंपनी १९५८ मध्ये हॅम्बुर्गच्या टेंपो कारखान्याशी करार करून उभी राहिली. (आपण मालाच्या गाडीला सरसकट टेंपो म्हणतो तो हाच. कंपनीने २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, आपण मात्र टेंपोच म्हणतो.) पुढे डाइमलर-बेन्झच्या परवान्यावर त्यांनी ओएम ६१६ हे डिझेल इंजिन इथे बनवलं. मर्सिडीजने ते १९७३ मध्ये २४० डी या गाडीसाठी आणलं होतं. चार सिलिंडर, ६५ अश्वशक्ती. जर्मनीत ती टॅक्सीवाल्यांची लाडकी गाडी. म्हणजे तिथेही भाडं मारायलाच :-)

आता खरी गंमत. १९७४ मध्ये मर्सिडीजने याच इंजिनाला आणखी एक सिलिंडर जोडला आणि पाच सिलिंडरचं ओएम ६१७ तयार झालं. कॅल्क्युलेटर काढा. ओएम ६१६ चे २४०४ सीसी, भागिले ४. ओएम ६१७ चे ३००५ सीसी, भागिले ५. दोन्हीकडे उत्तर ६०१. पिस्टनचा व्यास तोच, स्ट्रोक तोच. सख्खे भाऊ. आणि या धाकट्या भावाने जे केलं ते ट्रॅक्सवाल्यांना माहीत असतं, तर त्यांनी भाडं दुप्पट केलं असतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. मर्सिडीजची ३०० एसएल ही रेसची गाडी १९५२ मध्ये ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली. पक्ष्याच्या पंखासारखी वर उघडणारी दारं हिचीच. ती मिरवायला केलेली नव्हती बरं का! बारीक नळ्यांचा सांगाडा बाजूने इतका उंच होता की साधं दार बसवायला जागाच उरली नव्हती. मग १९५५ साली त्याच ल मॉंला मर्सिडीजची ३०० एसएलआर प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने रेसिंग सोडलं, ते बरीच वर्षं.

म्हणूनच १९६९ मध्ये फ्रॅंकफर्टच्या प्रदर्शनात तसल्याच पंखांच्या दारांची भगवट रंगाची सी १११ उभी राहिली, तेव्हा लोक वेडे झाले. आत तीन रोटरचं वॅंकेल इंजिन होतं. गिऱ्हाईक कोरे चेक घेऊन आले असं म्हणतात, पण कंपनीने ती विकलीही नाही आणि शर्यतीत उतरवलीही नाही. ती नुसती प्रयोगाची गाडी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईने वॅंकेलचं पेट्रोलपिणं कुणालाच परवडेना. मग त्या देखण्या शरीरात डिझेल इंजिन बसवायचं ठरलं. कुठलं? आपलं पाच सिलिंडरवालं.

टर्बो आणि इंटरकूलर लावून ८० अश्वशक्तीचं इंजिन १९० पर्यंत नेलं आणि जून १९७६ मध्ये गाडी इटलीच्या नार्दोला नेली. तिथला साडेबारा किलोमीटरचा गोल ट्रॅक. साठ तासांहून जास्त वेळ, दिवसरात्र, ड्रायव्हर बदलत, ताशी सरासरी २५० किमीच्या आसपास. सोळा विक्रम झाले. त्यातले तीन तर इंजिन कुठलंही असो, सगळ्या गाड्यांत मिळून. १९७८ मध्ये नव्या लांबट बॉडीत ते तीनशेच्याही वर बारा तास पळालं. प्रकल्पाचे इंजिनिअर हान्स लीबोल्ड तेव्हा स्वतः आळीपाळीने गाडी चालवत होते. (आमच्याकडे स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर स्वतः वापरायला सांगितलं की लोक रजेवर जातात.)

मला पोर्शे, फेरारीच्या लढतींपेक्षा हा प्रकार जास्त आवडतो. शेजारी कुणी नाही, ओव्हरटेक नाही. इंजिनाने फक्त थांबायचं नाही. मामाची नोकरी तीच होती. पहाटे साडेपाचला पहिली फेरी. डिसेंबरात किल्ली फिरवून हीटर तापेपर्यंत थांबायचं, मग धडधड. चाळीस किलोमीटर जायचं, गाडी भरेपर्यंत ओरडायचं, चाळीस यायचं. गाडी एक दिवस उभी राहिली तर महिन्याचा हप्ता हलायचा. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी याच फेऱ्यांतून आली.

नार्दोचं सगळं मी मामाला रंगवून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "गाडीत माणसं किती होती बे?"

"एक."

"मग पळंल की!"

मामाने लाईन सोडली त्याला काही वर्षं झाली. गाडी दारात उभी आहे. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या पासिंगची फी २०२२ पासून एवढी वाढली की त्याने नाद सोडला. भंगारवाला वजनावर भाव सांगतो. त्यात लोखंड ते लोखंड, इंजिन वेगळं धरत नाही. मामाची सगळी चिडचिड त्यावर. गुडघे दुखतात, पैसे हवेत, पण किलोने द्यायला जीव होत नाही. "दोनदा इंजिनकाम केलंय, सिलिंडर अजून टाइट आहेत," हे तो भंगारवाल्यालाही सांगतो.

पुढच्या रविवारी मंगळवेढ्याकडचा एक जण फक्त इंजिन बघायला येणार आहे, त्याच्या ट्रॅक्समध्ये टाकायला. मामानं काल नवं ऑईल भरलं, नोझल काढून साफ करून आणली. विकायच्या गाडीवर खर्च कशाला, म्हणून मामी ओरडली.

"पहिल्या किल्लीला लागलं पाहिजे," मामा म्हणाला.