आखाडातला रविवार

आमचा व्यवसाय मटणविक्रीचा. हे वाचून ज्यांना नाक मुरडावयाचे असेल त्यांनी खुशाल पान उलटावे. आमचा राग नाही. जे थांबतील त्यांना बेळगावातल्या आमच्या दुकानी, श्रावण लागण्यापूर्वीच्या शेवटच्या रविवारी, काय चालते ते सांगावेसे वाटते.

वर्षातले खरे गर्दीचे दिवस दोन. एक धुळवडीचा आणि दुसरा हा. पुढे महिनाभर निम्मी गिऱ्हाइके मटणाला शिवणार नाहीत, म्हणून उजाडण्यापूर्वीच डबे घेऊन रांग लागते. (२०१६ साली कर्नाटकात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तिचा आम्हांला दिसलेला लाभ एवढाच, की घरचा डबा पुन्हा दुकानी येऊ लागला.) ‘अर्धा किलो द्या’ आणि ‘अर्ध किलो कोड्री’ असा गजर एकाच वेळी चालू असतो. अशा दिवशी हाताखाली माणूस हवा, हे कोणीही सांगेल. आम्ही मात्र ओंडक्यापाशी एकटेच उभे राहतो, आणि ते नाइलाजाने नव्हे.

बकरा तो केवढा! सोलून टांगला की भरतो जेमतेम बारा किलो. त्यात मांड्या दोन, पुढच्या फऱ्या दोन, गुर्दे दोन, कलेजी एक. अर्ध्या किलोच्या हिशेबाने गिऱ्हाइके होतात वीस-बावीस, आणि नळी प्रत्येकाला हवी असते. दोघे तोडू लागले की एकाने काय दिले हे दुसऱ्याला ठाऊक नसते. मग उशिरा येणाऱ्याच्या डब्यात नुसत्या बरगड्या पडतात. एकटे असलो म्हणजे सारा बकरा आमच्या डोक्यात टांगलेला राहतो. कोणाला चाप गेली, कोणाला सीना, मांडीचे किती उरले, हे बोलण्याच्या नादातही सुटत नाही.

एक म्हातारी दरवर्षी येते. पावशेर मागते. शेर कायद्याने जाऊन साठ वर्षे उलटली, तरी तिच्या तोंडी शेरच आहे. एवढेसे मागण्याच्या संकोचाने ती रांगेच्या शेवटी उभी राहते. तिच्यासाठी मांडीचा तुकडा आणि एक नळी सकाळपासून आम्ही बाजूस ठेवलेली असते. दुसरा हात असता तर ती नळी केव्हाच कोणा बड्या गिऱ्हाइकाच्या डब्यात गेली असती.

आणि हाताचे सुख म्हणाल तर ते वेगळेच. खुब्याच्या वाटीत सुऱ्याचे टोक नेमके शिरले की मांडी आपल्याच भाराने सुटून हातात येते. जोर लागतोच कुठे? सत्तूर हाडावर एकदाच बसावा. दोनदा बसला की हाडाचा चुरा रश्श्यात उतरतो आणि पोराच्या दाताखाली येतो. नऊ-दहाच्या सुमारास, गर्दी ऐन भरात असता, हात, तराजू आणि समोरचे तोंड यांचा असा काही मेळ बसतो की कानांवर पडणारा गलबला दूर कोठे तरी चालला आहे असे वाटते.

आमचा मुलगा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात आहे. दुकानात तो येणार नाही, हे आम्ही कधीच मनोमन मान्य केले. साठीनंतर आमचा उजवा खांदा कुरकुरू लागला, तेव्हा तो म्हणाला, “बाबा, हाडे कापायचे विजेचे यंत्र आणा.” यंत्राला सांधा कळत नाही, ते हाडातून सरळ आरपार जाते. आम्ही खांद्याला तेल लावले आणि विषय बदलला.

दुपारी एकच्या सुमारास आकडे रिकामे होतात. चिंचेचा तो ओंडका सुऱ्याच्या पाठीने खरवडून, मीठ चोळून आम्ही फळी लावतो. घरी न्यावयास उरते ती बहुधा मान. गिऱ्हाइके ती मागत नाहीत. हाडे फार, म्हणतात. तिच्याइतका गोड रस्सा दुसऱ्या कशाचा होत नाही, हे आम्ही अद्याप कोणाला सांगितलेले नाही.