अक्षरी दहा फक्त

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. साहेबांची सही झाली की आपली जबाबदारी संपली. (ती खरं म्हणजे तिथून सुरू होते, हे ऑडिट आल्यावर कळतं.) त्यामुळे गेल्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मी एका इस्पितळात आडवा झालो, तेव्हा डॉक्टरांच्या कागदावर शंका घेणं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तपासणीत साखरही निघाली. ‘एकावर एक फुकट!’ असं आमची ही म्हणाली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री सिस्टर ट्रे घेऊन आल्या. कागद वाचला आणि इन्शुलिनची सिरिंज तशीच खाली ठेवली.

‘आकडा कळत नाही, काका. दहा की शंभर?’

मी चष्मा लावला. 10 च्या पुढे युनिटचा इंग्रजी ‘यू’ काढलेला होता, आणि त्या यूने वरचं तोंड मिटून घेतलं होतं. स्वच्छ शंभर! चेकवर असता तर मी बिनदिक्कत वटवला असता.

‘अहो, ही सिरिंजच चाळीस युनिटांची. शंभर द्यायचे तर अडीच लागतील.’

‘आणि दिले तर?’

‘साखर एकदम उतरते. माणूस बेशुद्ध पडतो. वेळेवर लक्षात आलं नाही तर...’ पुढचं वाक्य त्यांनी माझी उशी सारखी करण्यात घालवलं.

यावर माझ्या तोंडून काय निघावं? ‘मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय ना? मग द्या की!’ बावीस वर्षांचं वळण, दुसरं काय.

सिस्टरांनी फोन लावला. पलीकडचा आवाज माझ्या खाटेपर्यंत येत होता.

‘लिहिलंय तसं द्या!’

‘सर, आकडा तोंडी सांगा.’

‘मला विचारणारी तू कोण?’

‘सर, सुई माझ्या हातात आहे.’

फोन आपटला गेला. पाऊण तासाने डॉक्टर स्वतः आले, कागद पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि कर्ज मंजूर करावं तसं ‘दहा’ म्हणून निघून गेले.

पुढे घरी पडल्या पडल्या वाचनात आलं. 1966 साली अमेरिकेत हॉफलिंग नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका अनोळखी ‘डॉक्टर’ने नर्सना फोनवरून 20 मिलिग्रॅम औषध द्यायला सांगितलं, लेबलवर तर जास्तीत जास्त 10 असं छापलेलं. 22 पैकी 21 जणी द्यायला निघाल्या! औषध निरुपद्रवी होतं आणि त्यांना वाटेत अडवलं, म्हणून बरं. मी तिथे असतो तर बावीसच्या बावीस झाले असते.

आमच्याकडे एकजण नोंद करतो, दुसरा तपासतो. चेकवर रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहावी लागते; दोन्हींत फरक पडला तर 1881 च्या कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम खरी. शंभर रुपयांची एवढी काळजी, आणि शंभर युनिटांना नुसता आकडा!

सकाळी टाय लावलेले व्यवस्थापक आले. सिस्टरांना मेमो निघत होता, ‘वरिष्ठांशी उद्धट वर्तन’. चुकलेल्या यूबद्दल अवाक्षर नाही. ‘आपण साक्षीदार आहात,’ ते गोड आवाजात म्हणाले. ‘आवाज चढवला होता ना त्यांनी? इथे दोन ओळी लिहून सही करा.’

मला घाम फुटला. टाके काढणार होते तेच डॉक्टर! शिवाय नोकरीच्या तिसऱ्या वर्षी साहेबांनी सांगितलं म्हणून मी एक व्हाउचर न विचारता पास केलं होतं. चौकशी लागली तेव्हा साहेब बदली होऊन गेलेले. वेतनवाढ अडली ती माझी. त्या वेळी ‘हे काय आहे, साहेब?’ एवढं विचारायला काय झालं होतं मला?

ही माझ्याकडे बघत होती. मी पेन घेतलं आणि लिहिलं : ‘आवाज चढला होता, डॉक्टरांचा. सिस्टरांनी फक्त आकडा विचारला. इन्शुलिन 10 युनिट, अक्षरी दहा फक्त.’ खाली सही, तारीख. व्यवस्थापकांनी कागद दोन बोटांत धरून नेला.

आठवड्याने टाके काढायला गेलो. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘किती आहेत?’

ट्रे धरून त्याच सिस्टर उभ्या होत्या. ‘सात, सर,’ त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, ‘अक्षरी सात.’

टाके जरा जास्तच दुखले.