काळ्या रंगाची बाजू

जुनी रॅले सायकल हाती लागली की बहुतेक जण सगळ्यात आधी पेंटर शोधतात. फ्रेम सँडब्लास्ट करायची, पावडर कोटिंग मारून घ्यायचं, हँडल आणि रिमा पुन्हा क्रोम करायच्या, मडगार्डवर सोनेरी रेघा ओढून बाजारात मिळणारे नवे स्टिकर चिकटवायचे, की झालं रिस्टोरेशन! या पद्धतीला माझा विरोध आहे. जुनी सायकल चालती करावी, स्वच्छ करावी, तिचा गंज थांबवावा. पण कारखान्यातला रंग निम्माच उरला असला, तरी तो खरवडू नये. कारण साधं आहे. सायकलीला आरसी बुक नसतं. तिची सगळी कागदपत्रं तिच्या अंगावरच असतात आणि आपण हौसेने नेमकी तीच पुसतो.

नुसत्या फ्रेम नंबरावरून रॅलेचं साल सांगणं अवघड असतं, म्हणून इतर खुणा जुळवाव्या लागतात. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर काम बरंच सोपं होतं. 1936 मध्ये बाजारात आलेल्या ‘एडब्ल्यू’ हबच्या कवचावर पुढे साल आणि महिना ठोकलेला असे. युद्धानंतरच्या हबवर ‘54’ आणि ‘7’ दिसलं, तर तो जुलै 1954 चा. अर्थात ही तारीख हबची. चाक मागाहून बदललेलं असू शकतं. म्हणून आरे मोजायचे. ब्रिटिश सायकलींचा त्या काळचा रिवाज पुढे 32, मागे 40 असा होता. दोन्हीकडे 36 निघाले तर त्या तारखेवर भिस्त ठेवता येत नाही. पुढे मडगार्डवरच्या रेघांची ठेवण, नळीवरची अक्षरं, बगळ्याचा बिल्ला अशा गोष्टी एकमेकींशी ताडून पाहायच्या. बफिंगच्या चाकावर हब चकचकीत करताना ते दोन आकडे मिनिटाभरात झिजतात. ब्रेकच्या दांड्यांवर ठोकलेली नावंही तशीच जातात. युद्धोत्तर रॅलेच्या काळ्या रंगाखाली गंजरोधक फॉस्फेटचा थर असे. सँडब्लास्टिंगमध्ये तोही निघून जातो आणि नवा रंग उघड्या लोखंडावर बसतो. म्हणजे इतिहास तर गेलाच, वर टिकाऊपणाही कमी झाला.

हे मान्य केलं तर खरेदीची रीतही बदलते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या वाड्याच्या जिन्याखाली दोन सायकली दिसल्या, एक ताजी रंगवलेली आणि दुसरी धुळकट पण सगळे भाग जागेवर असलेली, तर दुसरी घ्यावी. पूर्ण चेनकव्हर, दिव्याचा ब्रॅकेट, पंपाचे खिळे, ब्रूक्सच्या कातडी सीटचा सांगाडा या किरकोळ वाटणाऱ्या वस्तू शोधण्यात फार वेळ जातो. काही भाग तर इथल्या बाजारातल्या मालाने भरूनच निघत नाहीत. रॅलेच्या बॉटम ब्रॅकेटला इंचाला 26 आटे. सर्वसाधारण कपाला 24. दिसायला दोन्ही सारखेच. मिस्त्रीने नवा कप पान्याने रेटून बसवला की फ्रेमचे आटे कायमचे गेले. कॉटर पिन निघत नसेल तर घासलेट सोडून थांबावं आणि क्रँकला खालून आधार देऊनच काम करावं. बिनआधाराच्या हातोड्याचे घाव आतल्या छर्‍यांच्या वाटेवर उमटतात.

आणखी एक खोड आपल्याकडे आहे. आसनसोलच्या सेन-रॅलेत 1950 च्या दशकापासून याच घाटाच्या सायकली बनत. त्यांच्यावरची देशी खूण काढून नॉटिंगहॅमच्या मूळ रॅलेची अक्षरं लावली जातात. याला मी बनावटगिरीच म्हणेन. आसनसोलची सायकल स्वतंत्र भारताच्या उद्योगाचा पुरावा आहे; तिला विलायती करून तिचं मोल वाढत नाही, घटतंच.

जुना रंग राखण्यावर पहिली हरकत येते ती गंजाची. रंग ठेवला तर गंज फ्रेम खाईल, असं म्हणतात. वरवरचा तांबूस गंज ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणाने निघतो (हातमोजे घालूनच, आणि सोनेरी अक्षरं वाचवून), मग तेल किंवा मेणाचा पातळ हात पुरतो. अमोनियाचं क्लीनर मात्र त्या अक्षरांच्या आसपासही नेऊ नये. नळीला भोक पडलं असेल किंवा चिमट्याला तडा गेला असेल, तर तो सुरक्षेचा प्रश्न. तिथे रंगाचा विचार मागे पडतो. टायर, ब्रेकची रबरं, झिजलेली कॉटर पिन हेही बिनदिक्कत बदलावं. फक्त काढलेले टिकाऊ भाग डब्यात चिठ्ठी लावून ठेवावेत.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. आपल्याकडच्या सायकली दर काही वर्षांनी ऑइलपेंटचा ब्रश फिरून गेलेल्या असतात. मूळ रंग उरलाय कुठे? बरेचदा तो खालीच असतो. कारखान्यात भट्टीत भाजलेला इनॅमल वरच्या ऑइलपेंटपेक्षा कितीतरी कडक असतो, त्यामुळे प्लॅस्टिकच्या पट्टीने, धीराने, वरचा थर सोडवता येतो. काम कंटाळवाणं आहे आणि मजुरीत परवडणारं नाही, हे खरं. म्हणूनच ते मालकाने स्वतः करावं.

तिसरी हरकत, ‘आजोबांची सायकल आहे, मला ती नवीकोरी दिसायला हवी.’ मालकाचा हक्क मी नाकारत नाही. पण आजोबांच्या टाचेने झिजलेला क्रँक आणि त्यांच्या धोतराने गुळगुळीत झालेली दांडी रंगाखाली घालवून उरतं ते त्या मापाचं नवं वाहन. ते विकताना निदान ‘ओरिजिनल’ म्हणू नये.

वरचे थर काढून खाली खरोखरच काही सापडलं नाही, तर रंगवायला माझी ना नाही. जाड पावडर कोटिंगऐवजी भट्टीतला पातळ काळा रंग घ्यावा आणि रेघा हाताने ओढून घ्याव्यात. चेनकव्हरची आतली बाजू मात्र पेंटरकडे देण्याआधी झाकून टाकावी. तिथे ब्रश सहसा पोचलेला नसतो आणि तेलाच्या राबाखाली कारखान्याचा रंग बहुधा तिथेच शिल्लक असतो.