पंचाण्णव अंशांची माया

अमेरिकेत कोंबडीची जिवंत पिल्ले पोस्टाने येतात, यावर माझ्या आईचा विश्वासच बसेना. पण इथल्या टपालखात्यात ही सोय चक्क १९१८ पासून आहे! अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर अन्नपाण्यावाचून ७२ तासांपर्यंत तग धरू शकते.

मार्च २०२५ मध्ये इथे अंड्यांचा सरासरी भाव डझनाला सहा डॉलरच्या वर गेला आणि आमच्या मुलींनी हट्टच धरला. गावाची परवानगी काढली (कोंबड्या चालतील, कोंबडा नाही!) आणि एप्रिलमध्ये सहा पिल्ले घरी आली.

पिल्लांच्या अंगावर नुसती लव असते. पिसे फुटेपर्यंत त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही. आपल्याकडे खुडूक कोंबडी पंखाखाली घेऊन ते काम करते. इथे कोंबडी नाही, म्हणून 'ब्रूडर': मोठे खोके, तळाला लाकडाचा भुसा आणि एका टोकाला दिवा. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सियस. मग दर आठवड्याला पाच अंश कमी, ७० पर्यंत. मी कॉम्प्युटरवाला, दोन थर्मामीटर लावले आणि एक्सेलमध्ये तक्ता केला.

आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. म्हणाली, "अरे, आकडे कसले बघतोस? पिल्लांकडे बघ की!" दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढून ओरडत असतील, तर गारठलीत. दिव्यापासून लांब, चोची वासून, पंख पसरून बसली असतील, तर उकडतंय. खोकेभर पांगून टिपत-पेंगत असतील, तर बरं चाललंय. पुढे वाचलेल्या पुस्तकातही नेमके हेच निघाले.

चौथ्या रात्री वादळात वीज गेली. बॅटरीच्या उजेडात पारा ९५ वरून ८२ वर आलेला दिसला. पिल्लांचा एकच गोळा झाला होता. आईने काडी लावून गॅस पेटवला, बाटल्यांत गरम पाणी भरून त्या टॉवेलात गुंडाळल्या आणि हवेला फट ठेवून खोक्यावर गोधडी घातली. पहाटेपर्यंत दोघांनी आळीपाळीने बाटल्या बदलल्या. सकाळी मोजली, सहाच्या सहा!

पुढच्याच आठवड्यात दिवा काढून पिल्लांना खाली शिरता येईल अशी उबदार पाटी आणली. दिवा निसटून भुशावर पडला तर आग लागते. तुम्ही पिल्ले आणलीत तर आधीच पाटी घ्या, आणि मुलांना हात धुवायला लावा.

ऊब देणे सोपे होते. दर आठवड्याला पाच अंश काढून घेणे मला जड जाई. "आता पिसं आलीत, राहू दे त्यांना," आई म्हणायची. ऑगस्टमध्ये थोरली लेक कॉलेजला गेली, घरापासून सातशे मैलांवर. पहिल्या आठवड्यात मी तिला रोज फोन केला. दुसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड.