पुढचा अडीच-अठरा

पुढे अडीच-अठरा, मागे पावणेतीन-अठरा. यामाहा आरएक्स १०० च्या टायरची ही मापं. टायरच्या अंगावर २.५०-१८ असं उठवलेलं असतं, म्हणजे अडीच इंच रुंदी आणि अठरा इंची रिम. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली ही गाडी नवी मुंबईतल्या घणसोली गावात अजून आहे. गावठाणाच्या बोळात ती दिसण्याआधी ऐकू येते. मागचा टायर कुठंही मिळतो, कारण जवळपास तेच माप आता ८०/१००-१८ असं लिहून स्प्लेंडरला पुढे-मागे लागतं. पुढचा मागितला की दुकानदार पावणेतीनच काढून समोर ठेवतो.

"बसतो," म्हणतो.

बसतो, हे खरं. पण पाव इंचानं पुढचं चाक जड होतं, ज्या चपळाईसाठी ही गाडी जपायची तीच कमी होते. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते. चाकाचा घेर वाढला की काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. आणि तीन-अठरा, साडेतीन-अठरा मागे चढवून गाडी 'भरलेली' दिसावी म्हणणाऱ्या पोरांना मी कळकळीनं सांगतो की नका करू. अरुंद रिमवर रुंद टायर दोन्ही बाजूंनी आवळला जातो, त्याचा आकार बिघडतो, रस्त्याला हवं तेवढं रबर टेकत नाही. साडेतीन-अठरा राजदूत ३५० च्या मागच्या चाकाचं माप होतं, त्या गाडीची ताकदही तेवढी होती.

हरवत चाललेल्या अशा मापांची आणि कामांची यादी लांबते. सव्वातीन-एकोणीस. बुलेटचं माप, पुढे-मागे एकच. चाकं सारख्या मापाची असल्यानं घरात एक टायर जास्तीचा ठेवला की दोन्हीकडची सोय व्हायची. २०२३ साली नवी बुलेट आली तिला पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८. सव्वातीन-एकोणीस दुकानात आजही मिळतो. किती वर्षं मिळेल हे जुन्या बुलेटी किती रस्त्यावर राहतात त्यावर आहे.

सव्वातीन-सोळा. म्हैसूरच्या आयडियल जावाचं छोटं, जाड चाक. कारखाना १९९६ साली बंद पडला. गावात हे माप विचारलं तर दुकानदार वही काढून लिहून घेतो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फोन लावतो, आणि मग वाट पाहायची.

लांब रेघांचा पुढचा टायर. चाकाच्या घेराबरोबर सरळ धावणाऱ्या खाचा, म्हणून पुढचं चाक रेघ सोडत नसे. मागच्याला ठोकळ्यांची नक्षी, जोर रस्त्यावर उतरवण्यासाठी. दोघांची कामं वेगळी, म्हणून चेहरेही वेगळे. आता पुष्कळदा दोन्हीकडे एकच नक्षी चढते.

स्टेपनी. आकुर्डीच्या चेतकचं तिसरं चाक, साडेतीन-दहा. पुढे, मागे, स्टेपनी, तिन्ही चाकं एकमेकांच्या जागी चालत. पंक्चर झालं की नट सोडायचे, चाक बदलायचं आणि रबाळ्याच्या किंवा महापेच्या कंपनीत पाळीला वेळेवर पोचायचं. रिमसुद्धा दोन अर्ध्यांची, बोल्ट काढले की उघडणारी. २०२० मध्ये विजेवरची चेतक रस्त्यावर आली, ती स्टेपनीशिवाय.

गरम पंक्चर. ट्यूब खरवडायची, कच्च्या रबराचा तुकडा ठेवायचा, शिकंज्यात आवळायची आणि वरच्या वाटीत जाळ करायचा. तुकडा ट्यूबशी एकजीव व्हायचा, नखानं उचकटत नसे. टायरमध्ये भरण्याआधी ट्यूबला पांढरी पावडर चोळायची, म्हणजे ती आत चिकटत नाही. आता ट्यूबलेस टायरमध्ये बाहेरूनच चिकट वात खुपसतात. जुन्या गाडीला तो उपाय नाही, कारण तारांच्या रिमला भोकं असतात, हवा धरायला ट्यूबच लागते.

रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणारा हात. चाक स्टँडवर फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा, जिथं खडू लागेल तिथली तार पाव आटा सैल, समोरची पाव आटा घट्ट. इथं हे काम हातानंच होतं. नवा टायर वाकड्या रिमवर चढवला तर तो वर्षभरात एका अंगानं खाल्ला जातो, म्हणून टायरच्या पैशांबरोबर या कामाचे पैसे राखून ठेवावेत. अलॉय चाकांच्या दुकानातल्या मुलाला हे शिकण्याचं कारण उरलेलं नाही, आणि मला या सगळ्या यादीत सर्वांत जास्त हेच मनाला लागतं. टायर कारखाना पुन्हा ओतू शकतो. हा हात कुणाजवळ बसून शिकावा लागतो.

शिवडीचा फायरस्टोन. पुढे त्याचं बॉम्बे टायर्स इंटरनॅशनल झालं, मग मोदीस्टोन, मग कुलूप. खाडीपलीकडे भांडुपला सिएटचा कारखाना मात्र आहे.

काठीनं पळवायचा टायर. बोळात आता गाड्याच इतक्या उभ्या असतात की टायर पळवायला वाट नाही. होडीच्या अंगाला बांधलेले टायर खाडीवर अजून दिसतात.

एमएच ०४ ची पाटी, पेंटरनं ब्रशनं रंगवलेली. नवी मुंबईला एमएच ४३ मिळण्याआधीच्या गाड्यांची ओळख. तिच्या जागी आता सक्तीची, उठावाच्या अक्षरांची पाटी आली.

आणि ज्यापासून सांभाळायचं ती एक गोष्ट. एखाद्या माळ्यावर जुना, कधीच न वापरलेला अडीच-अठरा सापडतो, रेघांचा, कोरा करकरीत. त्याच्या अंगावर चार आकडे शोधा. २३०९ असेल तर तो २००९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आकडे तीनच असतील तर तो २००० च्याही आधीचा. रबर न वापरताही कडक होतं, मुडपून पाहिलं की बारीक चिरा दिसतात, आणि पहिल्या पावसात ठाणे-बेलापूर रस्त्यावर असा टायर पकड सोडतो. तो भिंतीवर टांगावा, चाकावर नाही. ताजा अडीच-अठरा मिळालाच तर त्याच मापाची ट्यूबही त्याच दिवशी घ्यावी. मोठ्या मापाची ट्यूब आत दुमडते आणि त्या दुमडीवरच झिजून फुटते.