नववे स्थान

सिंफॉनिक मेटल या संगीतप्रकारात दोन विसंगत प्रवृत्ती एकत्र नांदतात. एकीकडे खरखरीत गिटारींचा आघात आणि ड्रमचा अतिजलद मारा. दुसरीकडे पाश्चात्त्य वाद्यवृंदाची, पुष्कळदा कीबोर्डवरच उभी केलेली, भव्यता. गायन अनेकदा घशातून येणाऱ्या गुरगुरीचे रूप घेते. शब्द कानी पडतात, पण उमगत नाहीत. अशा वेळी श्रोत्याच्या हाती निश्चित असे दोनच आधार उरतात : गाण्याचे शीर्षक आणि गाण्यांचा क्रम.

मुंबईतील 'डेमॉनिक रेझरेक्शन' हा समूह साहिल मखिजा यांनी २००० साली स्थापन केला. सतरा वर्षांनंतर, २०१७ मध्ये, त्याचा 'दशावतार' हा अल्बम आला. त्यात दहा गाणी आहेत. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारास एक, आणि प्रत्येक नावापुढे एक इंग्रजी उपनाव. नववे गाणे 'बुद्ध' हे असून त्याचे उपनाव आहे 'द टीचर'.

नेरूळला राहणारा मराठीचा एक तरुण अध्यापक हार्बर मार्गाच्या रोजच्या प्रवासात हा अल्बम ऐकू लागला. वाशीच्या खाडीपुलापर्यंत पहिली दोन गाणी संपत. शिवडीच्या आसपास नववे येई. पहिल्या दिवशी ते सुरू होताच त्याने ते वगळले आणि 'कल्की' लावले. ही कृती विचारपूर्वक केलेली नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा त्याने विहारात लहानपणापासून म्हटल्या होत्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार होय, हे मत त्यांतील पाचवी प्रतिज्ञा स्पष्टपणे नाकारते. बोटाने जे केले, ते त्या पाठांतराने केले होते.

तथापि त्याच्यातील अभ्यासक स्वस्थ बसेना. शीर्षक हा संहितेचा उंबरठा होय, असे जेरार जेनेट यांनी १९८७ मध्ये मांडले. या गाण्याच्या उंबरठ्यावर दोन विधाने लिहिलेली आहेत आणि ती परस्परांशी जुळत नाहीत. उपनाव बुद्धाला शिक्षक म्हणते. 'शास्ता' या प्राचीन बिरुदाच्या ते अगदी निकट आहे. क्रमांक मात्र त्याला एका दैवी साखळीचा दुवा करून ठेवतो. शब्द न उमगणाऱ्या कलाकृतीत क्रम हेच विधान ठरते. आणि ते विधान समूहाने नव्याने केलेले नाही, परंपरेकडून जसेच्या तसे उचललेले आहे.

परंतु ती परंपरा तरी एकजिनसी कोठे आहे? जयदेवाच्या 'गीतगोविंदा'तील दशावतारांत कृष्णाच्या जागी हलधर आहे, कारण तेथे कृष्ण स्वतःच अवतारी आहे. बुद्ध मात्र तेथेही आहे. महाराष्ट्रातील जुन्या चित्रांत नवव्या जागी पंढरीचा विठ्ठल काढण्याची रीत आढळते. म्हणजे यादीचेही पाठभेद आहेत आणि प्रत्येक पाठभेदामागे कोणाला सामावून घ्यावे, कोणत्या अटीवर घ्यावे, याचा एक निर्णय आहे. सामावून घेणे हा सन्मान की विसर्जन, या प्रश्नाचे उत्तर सामावणाऱ्याने द्यावयाचे नसते.

मग त्याने नववे गाणे एकटेच ऐकले. आठवा मागे नाही, दहावा पुढे नाही. ते त्याला भावले, आणि त्या भावण्याची त्याला किंचित लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा क्रमाने ऐकताना त्याच्या ध्यानात आले, की साखळीत शिक्षकामागोमाग संहारक येतो. एकटे असताना जे गाणे स्वयंपूर्ण होते, ते येथे केवळ शेवटाची पूर्वतयारी होऊन बसले होते. स्वर तेच होते. फरक केला होता तो स्थानाने.

रात्री वडिलांनी सहज विचारले, "काय ऐकतोस रे एवढं?" त्याने अल्बमची रचना आणि नवव्या गाण्याचे नाव सांगितले. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शिक्षक म्हटलंय ना त्यांनी? मग नववा कशाला?" त्याच्याकडे उत्तर नव्हते. "ऐकू नको म्हणता का, बाबा?" "तसं कुठं म्हटलं मी? ऐक. फक्त मोजू नको."

तो अल्बम अजूनही त्याच्या प्रवासात असतो. नववे गाणे तो वगळत नाही. त्याचे नववेपण मात्र मान्य करीत नाही.