दोन स्प्रिंगा

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही" असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. शाळा कॉन्व्हेंट, मराठीचे तास मोजून तीन, आणि 'न' आणि 'ण'चं माझं भांडण अजून मिटलेलं नाही. पण मॅडम म्हणाल्या, "तुझ्या त्या सायकलवर लिही. सगळ्या हॉस्टेलने वास सोसलाय, निदान कारण तरी कळू दे!" तर मैत्रिणींनो, आमच्या रूममधून आठवडाभर जो डिझेलचा वास येत होता, त्याचं हे कारण.

सायकल मामाची. मामा जर्मनीत नोकरीला असताना १९९९ साली त्याने ती घेतली आणि परत येताना खोक्यात भरून भोरला आणली. स्टीलची फ्रेम, बारीक टायर, मागे नऊ चक्रं. मी लहानपणी तिला हात लावला की ओरडा बसायचा. २०२३ मध्ये मामाला पॅरालिसिसचा झटका आला. चालायला लागला, बोलणं तर दुप्पट झालं, पण उजवा हात काही पूर्ण परत आला नाही. मग एक दिवस म्हणाला, "घेऊन जा गं. इथे उभी राहून गंजेल." सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

आणली खरी, पण कात्रजच्या जुन्या घाटात पहिल्याच दिवशी कळलं की काहीतरी बिघडलंय. चढावर हलका गिअर टाकायचा, दहा पेडल मारायची, की टक्! आपोआप जड गिअर. उभं राहून पेडल मारताना असं झालं की पाय सटकतो. गुडघ्यावरची खूण अजून आहे. शहरातल्या एका मोठ्या दुकानात दाखवली तर म्हणाले, "दोन्ही लिव्हर बदला. जुनं आहे, यात काही होत नाही." किंमत ऐकून मी नुसतं थँक्यू म्हणून बाहेर आले. माझी मेस फी बरी त्यापेक्षा.

आता थोडं टेक्निकल, नॉन-मेकॅनिकलवाल्यांनी सहन करावं. पूर्वी रेसिंग सायकलचे गिअर खाली फ्रेमच्या दांडीवर असायचे, बदलायला हँडलवरचा एक हात काढावा लागायचा. १९९० मध्ये शिमानोने ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले, १९९२ मध्ये इटलीच्या कंपान्योलोने स्वतःची पद्धत काढली. मामाची ही दुसरी. ब्रेकच्या मागे एक पातं असतं, ते बोटाने आत ढकललं की वायर ओढली जाते आणि चेन मोठ्या चक्रावर चढते. आतल्या बाजूला अंगठ्याचं बटण, ते दाबलं की वायर सुटते. मधे खाचांचं एक चक्र, आणि त्या खाचांत बसणाऱ्या इंग्लिश 'जी'सारख्या दोन इवल्या स्प्रिंगा. मागच्या डिरेलरची स्प्रिंग वायरला सारखी आपल्याकडे ओढत असते. तिच्याविरुद्ध गिअर जागेवर धरून ठेवायचं काम या दोघींचं. वीस-पंचवीस वर्षं टकटक करून त्या झिजतात, कधी तुटतात. मग धरणार कोण?

गंमत म्हणजे कंपान्योलोची ही जुनी लिव्हर उघडून स्प्रिंगा बदलता येतात. रूममेटच्या शिमानोचं तसं नाही, तिचे आतले पार्ट सुटे विकत मिळत नाहीत. तिचाही गिअर पडत नव्हता, पण तिथे फक्त जुनं ग्रीस सुकून घट्ट झालं होतं. डब्ल्यूडी-४० मारून धुतलं, मग पातळ तेल सोडलं, झालं काम. तिला पार्टी मागितली आहे, अजून मिळालेली नाही.

माझी लिव्हर उघडायला मी गेटबाहेरच्या सायकलवाल्या काकांकडे गेले. त्यांनी असली लिव्हर आयुष्यात पाहिली नव्हती. रबर मागे सारलं, बोल्ट सोडला, एकेक भाग पेपरवर ओळीने मांडला (मी प्रत्येक पायरीचा फोटो काढत होते) आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "अहो ताई, यात पण कुत्रं आहे की!" मी दचकून मागे पाहिलं. फ्रीव्हीलमध्ये दात्यात अडकणारा जो तुकडा असतो, त्याला कुत्रं म्हणतात हे मला तेव्हा कळलं. हाच तो 'रॅचेट अँड पॉल'! सेकंड इयरला मी त्याची आकृती काढून मार्क मिळवले होते आणि कॉन्व्हेंटमध्ये सेंट पॉल ऐकत वाढल्यामुळे मला वाटायचं, पॉल नावाच्या कुणी शोध लावला असेल.

दोन्हीपैकी एक स्प्रिंग तुटलेली होती, दुसरीचे कोपरे गुळगुळीत. आधी वर्कशॉपमध्ये तार वाकवून बनवायचा प्रयत्न केला. मऊ तार एका दिवसात बसली, आणि स्प्रिंगची तार जिथे वाकवावी तिथून परत उलगडते. शेवटी जर्मनीत शिकणाऱ्या मावसबहिणीला सांगितलं. तिने डिसेंबर २०२४ मध्ये येताना चार आणल्या. चार का, तर एक माझ्या पलंगाखाली उडाली ती अजून तिथेच आहे.

जोडणं सोडण्यापेक्षा अवघड. आत एक मोठी गुंडाळलेली स्प्रिंग आहे, ती ताण देऊन धरायची आणि त्याच वेळी झाकण बसवायचं. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा रूममेटने धरलं, मी बोल्ट आवळला. रात्रीचे दीड वाजले होते. बोटाने पातं दाबलं आणि टक्! इतका स्वच्छ आवाज मी त्या सायकलचा कधी ऐकलाच नव्हता.

संक्रांतीला भोरला गेले, सायकलवरूनच. घाटात एकदाही गिअर पडला नाही. मामा अंगणात खुर्चीवर बसलेला. मी मागचं चाक उचलून धरलं आणि पेडल हाताने फिरवायला लागले. त्याने डावा हात पलीकडे नेऊन पातं दाबलं. एकेक करत. टक्. टक्. डोळे मिटलेले. मामी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता रडतो की काय!

"सात," मामा म्हणाला.

"काय सात?"

"नऊ चक्रं म्हणजे आठ टक्. मी सात मोजले. शेवटच्या मोठ्या चक्रावर चेन चढतच नाहीये."

मी म्हटलं, शक्यच नाही, मी घाट चढून आले. "चढलीस ती आठव्या चक्रावर," तो म्हणाला. "म्हणून एवढी धापा टाकत आलीस. लिमिटचा स्क्रू जास्त आवळलायस. अर्धा फेरा सोड. अर्धाच!"

मामीने स्क्रूड्रायव्हर आणला. मी अर्धा फेरा सोडला.

"फिरव आता," मामा म्हणाला, आणि परत पहिल्यापासून मोजायला लागला.